रंकाळ्यावर फलक हवेत

मा. संपादक,

गेल्या रविवारी रंकाळ्याच्या काठावर एक पाणकावळा दिसला. गळाचा नायलॉनचा दोरा चोचीभोवती गुंडाळून पंखात रुतलेला. पाच-सात जण मोबाइल रोखून उभे, एकाने पाव टाकला! वनविभागाचा १९२६ हा क्रमांक कुणालाच ठाऊक नव्हता.

लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते तेव्हा सॉसालिटोचे ‘मरीन मॅमल सेंटर’ पाहिले. १९७५ पासून तिथे आजारी, जखमी सील आणि समुद्रसिंहांवर उपचार होतात. मानेत जाळ्याचा फास रुतलेले समुद्रसिंह येतात, आईपासून तुटलेली सीलची पिल्ले येतात. त्या पिल्लांना नळीने माशांची पेज भरवतात. सावरली की पुन्हा समुद्रात! तिथे सामान्य माणसाला एवढेच सांगतात : हात लावू नका, पाण्यात ढकलू नका, लांब थांबा, फोन करा. सील पुष्कळदा नुसता विसाव्याला किनाऱ्यावर आलेला असतो.

आपल्याकडे समुद्र नाही, पण रंकाळा आहे, पंचगंगा आहे. महापालिकेने दोन्हीकडे १९२६ चे ठळक फलक लावावेत, आणि तुटलेले दोरे टाकायला झाकणाच्या पेट्या ठेवाव्यात.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर