पडद्यावरचा पोशाख नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीत नायिकेचा फोटो आणि त्याखाली ‘अमुक डिझायनरची साडी’ अशी ओळ हल्ली नेहमीची झाली आहे. लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा कपडा पाहिलेला नसतो, नाव ऐकलेले असते. त्या नटीचे लग्नाचे कपडे ज्याने केले, त्यानेच सिनेमातलेही केले असणार, असा सरळ हिशेब. पण कपडा कोणाचा हे कपड्यावरूनच ठरवावे लागते, आणि थोडी सवय लावली तर ते जमतेही. त्यासाठी हे पत्र.

आधी दोन कामांतला फरक. वेशभूषाकार पात्राला कपडे घालतो, फॅशन डिझायनर स्वतःच्या नावाचा कपडा करतो. एका चित्रपटात दोघे आले की श्रेयाचा घोळ ठरलेला. १९५४ च्या ‘सॅब्रिना’ या हॉलिवूडपटाचे उदाहरण घ्या. १९५३ च्या उन्हाळ्यात त्याची नायिका ऑड्री हेपबर्न पॅरिसला फॅशन डिझायनर जिवाँशींकडे गेली. ‘मिस हेपबर्न’ येणार म्हटल्यावर ते दुसऱ्या नटीची, कॅथरीन हेपबर्नची, वाट पाहत बसले होते! नवे काही शिवायला त्यांना सवड नव्हती, म्हणून तिने तयार कलेक्शनमधलेच कपडे उचलले. खांद्यांवर बो असलेला, होडीसारख्या आडव्या गळ्याचा काळा ड्रेस त्यातलाच; त्या गळ्यामुळे तिच्या मानेखालचे खळगे झाकले गेले. वेशभूषेचे ऑस्कर मात्र चित्रपटाच्या वेशभूषाकार इडिथ हेड यांना एकट्यांना मिळाले आणि पडद्यावर जिवाँशींचे नावही नव्हते. १९५७ च्या ‘फनी फेस’मध्ये दोघांची नावे आली.

आपल्याकडे ‘देवदास’चा (२००२) राष्ट्रीय पुरस्कार नीता लुल्ला, अबू जानी, संदीप खोसला आणि रेझा शरीफी अशा चौघांत वाटला गेला. ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) अंजू मोदी आणि मॅक्झिमा बासू. म्हणजे चित्रपटाच्या नावावरून काही कळत नाही. पात्र कोणते, गाणे कोणते, इथपर्यंत जावे लागते. पहिले काम हेच, की शेवटची श्रेयनामावली थांबवून वाचायची. ‘वेशभूषा’ या शब्दापुढचे नाव एक, एखाद्या कलाकाराच्या नावासमोर स्वतंत्रपणे दिलेले नाव दुसरे, आणि आभारांच्या यादीतली ब्रँडची नावे तिसरी. आभारात आलेल्या ब्रँडने एखादा पट्टा नाहीतर चपलांचा जोड दिलेला असू शकतो. त्याला अख्खा पोशाख बहाल करायचे कारण नाही.

मग फ्रेम काढायची. मोबाइलवरच्या क्लिपवरून काही ठरवू नये. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवला की स्वल्पविरामाच्या कळीने एक फ्रेम मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने एक फ्रेम पुढे जाता येते. नटी वळते किंवा हात वर करते तो क्षण पकडावा. त्यात बाहीची जोडणी, बगलेतली टीप, पाठ आणि काठाची उलटी बाजू दिसते. एकाच कपड्याच्या निदान तीन वेगवेगळ्या शॉटमधल्या फ्रेम हव्यात, कारण रंग फार फसवतो. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग बदलताना, अख्खे दृश्य पिवळट किंवा निळसर केलेले असते. राणी रंग लाल दिसतो, मोरपंखी काळा. फ्रेममध्ये कपबशी, भिंत, सदरा असे काहीतरी पांढरे शोधावे आणि ते किती पिवळे पडले आहे यावरून साडीच्या रंगाचा अंदाज बांधावा.

शोधताना सर्वांत जास्त चूक हंगामाची होते. चित्रपट लागतो त्या वर्षीचे कलेक्शन लोक धुंडाळतात आणि काही सापडत नाही. चित्रीकरण त्याआधी सहा-आठ महिने, कधी वर्ष-दीड वर्ष उरकलेले असते आणि कपडे त्याच्याही आधी घेतलेले असतात. ‘सॅब्रिना’तही जुन्या कलेक्शनमधलेच कपडे होते. म्हणून प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपर्यंतचे शो पाहावेत. तिथेही हुबेहूब जोडी मिळेलच असे नाही. रॅम्पवरचा नमुना उंच मॉडेलच्या मापाचा असतो. सेटवर तो खालून आखूड होतो, पाठीत दाबला जातो, बाह्या बदलतात. उंची आणि बाह्या बाजूला ठेवून नक्षीचा क्रम, काठाची रुंदी आणि गळ्याचा काप हेच ताडून पाहावे. साडीच्या बाबतीत तर साडी एकाची आणि ब्लाउज सिनेमाच्या शिंप्याचा, हे नेहमीचेच. अशा वेळी ‘पोशाख अमक्याचा’ हे विधान अर्धे खोटे ठरते.

आता प्रत्यक्ष कपडा. कोट असेल तर खांदा आणि कॉलरची घडी पाहा. आत कॅनव्हास हाताने टाचलेला असेल तर कॉलर छातीवर गोलाईने वळते; चिकटवलेले अस्तर असेल तर इस्त्रीने दाबल्यासारखी सपाट पडते. इटालियन डिझायनर अर्मानींनी सत्तरच्या दशकात कोटातले पॅड आणि आतले जाड थर काढून टाकले, बटणे खाली आणली, कापड मऊ घेतले. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’त रिचर्ड गेअर चालतो तेव्हा कोट अंगाबरोबर हलतो तो त्यामुळे. शनेल या पॅरिसच्या फॅशन घराच्या जाकिटाची खूण तर आतच असते. खालच्या कडेला अस्तराच्या आतून बारीक साखळी टाचलेली असते, ती वजनाने जाकीट सरळ पाडते. साखळी पडद्यावर दिसत नाही, पण नटी खुर्चीतून उठल्यावर जाकिटाची कड आपोआप जागेवर येते का, हे दिसते. खिशावरची विणीची चौकट मागच्या कापडाशी तंतोतंत जुळते की नाही, तेही पाहावे. नकलेत हमखास तिथेच गफलत असते, कारण चौकट जुळवायला कापड जास्त लागते.

पैठणी ओळखायला पदर वाऱ्यावर उडाला की तिथेच थांबवा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगाचे बाणे (आडवे धागे) वेगळे गुंफलेले असतात, त्यामुळे मोर-पोपट उलट बाजूनेही जवळजवळ तसेच दिसतात. यंत्रावरच्या जॅकार्ड साडीत मागे धाग्यांचे लांब तरंग सुटलेले असतात, नाहीतर ते कापल्यामुळे कुसळे दिसतात. दिग्दर्शकांची उडत्या पदराची हौस इथे आपल्या उपयोगी पडते. नऊवारीत कासोटा पाहावा. नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्या बसता-उठता सरकतात, एक बाजू किंचित खाली येते. शिवलेल्या नऊवारीत कासोटा मोजपट्टीने लावल्यासारखा मधोमध राहतो आणि नाचून झाल्यावरही हलत नाही. शिवणे हा दोष नव्हे. ‘ब्रह्मचारी’तली (१९६८) मुमताजची नारिंगी साडी शिवलेलीच होती, तिला चेन होती, म्हणून तर गाण्याच्या चालीत नाचता आले. ती कल्पना वेशभूषाकार भानू अथय्यांची.

अथय्या कोल्हापूरच्या, जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याची चित्रे डोळ्यांखाली घातली आणि ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर घेतले. त्यांच्या कामात ‘लेबल’ शोधणारा हात हलवत परत येईल, कारण त्यांचा कपडा पात्राबरोबर बदलतो.

आरसेकामाच्या घागऱ्यात काचेचे आरसे असतील तर गिरकीत घागरा उशिरा फुलतो, नर्तिका थांबल्यावरही आणखी थोडा फिरून मग खाली बसतो. प्लॅस्टिकच्या टिकल्यांचा घागरा लगेच उठतो आणि लगेच पडतो. काचेचा प्रकाश टोकदार, तुटक चमकतो. प्लॅस्टिकचा पसरट दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी. नाचाच्या दृश्यासाठी जड घागऱ्याची हलकी जोडी केलेली असू शकते. पाऊस, मारामारी, रक्त असले की एकाच कपड्याच्या तीन-चार जोड्या ठरलेल्याच, शिवाय जुना दिसावा म्हणून कापड चहाच्या पाण्यात बुडवायचे, कॉलर-कोपरावर पॉलिश पेपर घासायचा. म्हणूनच ‘चित्रपटातला तो मूळ ड्रेस’ असे लिहिताना जपावे. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मधल्या ऑड्री हेपबर्नच्या काळ्या ड्रेसच्याही एकाहून अधिक प्रती झाल्या. त्यांतली एक २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ४,६७,२०० पौंडांना गेली आणि ते पैसे ‘सिटी ऑफ जॉय एड’ या संस्थेमार्फत भारतातल्या गरिबांच्या कामी आले.

राहता राहिली डिझायनरच्या स्वतःच्या पेहरावावरून त्याचे काम ओळखण्याची युक्ती. ती फार तर निम्म्या वेळा चालते. फ्रेंच डिझायनर गोतिए स्वतः खलाशांचा पट्ट्यांचा जर्सी घालत आणि त्यांच्या कामातही तो सतत येतो. तिथे ती चालते. अर्मानी आयुष्यभर गडद निळ्या टी-शर्टात वावरले आणि त्यांच्या कोटातही तोच सैलपणा आहे. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचे साधे पांढरे लिननही त्यांच्या कामाशी जुळते. पण तांबडी चौकडी दिसली की ‘वेंडेल’ म्हणू नये. ती गोव्यातल्या कुणबी समाजाची साडी. वेंडेल यांनी तिला पुन्हा उजेडात आणले. आणि कार्ल लागरफेल्ड? १९८३ पासून २०१९ मध्ये निधन होईपर्यंत शनेलची धुरा या डिझायनरकडे होती. अंगावर उंच कडक पांढरी कॉलर, काळा टाय, बोटे उघडी ठेवणारे हातमोजे. यातले काहीही शनेलच्या बायकी जाकिटावरून कळत नाही. एवढेच नव्हे, त्यांचे ते अंगाला चिकटलेले कोट दुसऱ्याच घराचे, दिओरसाठी डिझायनर एदी स्लिमान यांनी केलेले. ते अंगात मावावेत म्हणून त्यांनी सुमारे ४० किलो वजन उतरवले होते. तेव्हा लागरफेल्डकडे पाहून शनेल ओळखू पाहणारा थेट दिओरच्या दारात पोचेल.

आपल्या उपसंपादकांना एक विनंती. श्रेयनामावलीत नाव मिळाले आणि कपड्यातल्या दोन खुणा जुळल्या, तर डिझायनरचे नाव जरूर छापावे. नुसतेच साम्य असेल, तर ‘अमक्यांच्या कामाशी जुळणारी’ असे लिहावे. दोन्ही नसेल, तर ‘वेशभूषा : ...’ म्हणून वेशभूषाकाराचे नाव द्यावे आणि पुढे ‘मोरपंखी साडी, आडव्या गळ्याचा ब्लाउज’ इतके पुरे.

आपले,
वेशभूषेच्या कामातले दोन वाचक,
गोरेगाव, मुंबई