प्लॉट पाडण्याआधी माती तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुपवाडच्या औद्योगिक भागातला एक प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवण्याचा कारखाना बरीच वर्षे बंद होता. आता शेड उतरवलंय, मुरूम टाकून रोलर फिरवलाय आणि बंगलो प्लॉटचा फलक लागलाय. मी तिथे क्रोमच्या हौदावर नोकरी केली, म्हणून हे पत्र.

हौदातून रॅक वर घेतला की जॉबवरून, म्हणजे मुलामा दिलेल्या वस्तूंवरून निथळणारं पाणी फरशीच्या सांध्यांत मुरायचं. धुण्याचं पाणी थेट मागच्या शोषखड्ड्यात. भिंतीचा गिलावा गुडघ्यापर्यंत पिवळा पडला होता, पावसाळ्यात मागे साचणारं पाणीही हळदीसारखं. (सांगलीत पिवळ्या रंगाची कुणाला भीती वाटणार म्हणा!) माझ्या जोडीदाराच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं. क्रोमवाल्यांना हे नवीन नाही.

हा पिवळेपणा हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. ते पाण्यात विरघळतं, खाली उतरतं आणि बोअरला लागतं. वर कितीही मुरूम टाका, खालचं तसंच राहतं. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद पडला, पण लाखभर टनांहून जास्त कचरा मागे राहिला. आपली जागा त्यापुढे चिमूटभर, म्हणून तर ती साफ होण्यासारखी आहे. हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) मिसळून विषारी क्रोमियमचं न विरघळणारं रूप करता येतं. मात्र ते किती खोल गेलंय ते आधी कळायला हवं.

केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढलेत. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. महापालिकेने ही जागा त्या यादीत घालावी आणि अहवाल येईपर्यंत बांधकाम परवाना देऊ नये. साफ करायचा खर्च घरांना परवडणारा नसेल, तर काँक्रीट टाकून गोदाम करा. लोखंडाचं करा, हळदीचं नको. बोअर मात्र तिथे कुणालाच मारू देऊ नका.

आणखी एक. नमुने घ्यायला येणाऱ्यांनी जुन्या कामगारांना सोबत घ्यावं. कोपऱ्यातली चार घमेली माती उचलून काही सापडणार नाही. शोषखड्डा कुठल्याच नकाशात नव्हता. फाटकातून आत गेल्यावर उजव्या हाताला बदामाचं झाड आहे, त्याच्या मागे खोदा.

– एक निवृत्त प्लेटिंग कामगार, कुपवाड (जि. सांगली)