यंत्राने दिलेला भाव कोणाचा?

संपादक महोदय,

आमच्याकडच्या एका कापूस व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरं देणारं एआय बसवलंय. रात्री त्या एआयने भाव सांगितला, मी 'मंजूर' लिहिलं, 'उद्या गाडी आणा' असा निरोपही आला. सकाळी गाडी काट्यावर लागली, तर मुनीम म्हणतो, "ते मशीन बोललं, शेठ नाही बोलले." ओलावा मोजायचं मीटरसुद्धा त्याने बाहेर काढलं नाही! (वजनातली कटती कापताना मात्र ह्यांचं कॉम्प्युटर कधी चुकत नाही.)

प्रस्ताव आणि स्वीकृतीतून करार होतो, हे १८७२ पासून कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार, आपोआप चालणारी यंत्रणा ज्याने लावली, तिचा निरोप त्याचाच धरला जातो. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीनेही चुकीच्या उत्तराची जबाबदारी आपल्या चॅटबॉटवर, म्हणजे अशाच उत्तरं देणाऱ्या यंत्रावर, ढकलून पाहिली. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तो निकाल इथे बंधनकारक नाही, ठाऊक आहे.

भाव दहापट निघाला असता तर चूक कोणालाही दिसली असती. इथे तो बाजारापेक्षा जरासाच चढा होता. बाजार समितीने परवान्यातच अट घालावी: यंत्राने दिलेल्या भावाखाली व्यापाऱ्याचं नाव आणि त्या भावाची मुदत हवी. वेचणी सुरू व्हायच्या आत.

— एक कापूस उत्पादक, ता. वणी, जि. यवतमाळ