आई, तुला इथे पोटभर जेवता येईल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"तिथे खातेस तरी काय?" हे आईने फोनवर परत विचारलं, आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागला. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आधी आयवालिकला होते. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, आजूबाजूला सगळ्या ऑलिव्हच्या बागा. इथे भाज्या ऑलिव्हच्या तेलात शिजवतात आणि गार झाल्यावर वाढतात. वांगी, घेवडा, आर्टिचोक, काय हवं ते. मांसाचा अंश नसतो. साध्या खानावळीत ट्रे समोरच मांडलेले असतात, बोट दाखवलं की ताटात येतं.

मला सगळ्यात आवडली ती झुकिनीची भरली फुलं. सकाळी उमललेली असतानाच खुडावी लागतात, ऊन चढलं की मिटतात. आत तांदूळ, कांदा, शेपू, पुदिना भरायचा, पाकळ्यांची टोकं दुमडायची आणि फुलं पातेल्यात अगदी दाटीने लावायची, म्हणजे शिजताना सुटत नाहीत. आई, तुझ्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांना येतो तसाच गोडसर वास.

तिथून बोटीने दीडेक तासात ग्रीसचं लेस्वोस बेट. तिथेही तीच फुलं! फक्त आत चीज, आणि तळलेली. बाबा, याचं कारण तुम्हाला नक्की आवडेल. १९२२ला ग्रीस-तुर्कस्तान युद्ध संपलं तेव्हा आयवालिकचे ग्रीक जीव मुठीत धरून समोरच्या बेटांवर गेले. मग १९२३च्या करारानं धर्म पाहून माणसांचीच अदलाबदल केली, दोन्हीकडची मिळून १५ लाखांच्या वर. क्रीट या दुसऱ्या ग्रीक बेटाचे आणि लेस्वोसचे मुसलमान आयवालिकला आले. क्रीटहून आलेल्यांतले कितीतरी जण घरात ग्रीकच बोलायचे. रानभाज्या उकडून लिंबू-तेल घालून खायची आवड त्यांनी सोबत आणली, ती आजही गावात टिकून आहे. अमुक पदार्थ तुर्की की ग्रीक, यावर हिरिरीने भांडणारे दोन्हीकडे भेटतात. मला ते भांडण पटत नाही. रांधणाऱ्या बायकाच इकडून तिकडे गेल्या, तर पदार्थ एका देशाचा कसा म्हणायचा?

आणि आई, तुझा श्रावण चालू असताना इथे ग्रीसमध्येही उपास असतो. १ ते १४ ऑगस्ट, मेरीमातेच्या सणाआधी. भाविक लोक मांस, दूध, अंडी सोडतात. जेवण मागताना 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं, म्हणायचं, पण शिंपल्या आणि ऑक्टोपस त्यांना उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्यायचं. चण्याची, पावट्याची, पालकभाताची चंगळ असते.

बाबा, तुमच्यासाठी लेस्वोसच्याच कालोनीच्या खाडीतली तारली. पहाटे पकडलेली, मिठात घातलेली, त्याच दिवशी सोलून कच्चीच खातात. मी खाल्ली, बेहद्द आवडली.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्हा दोघांना घेऊन यायचं मी ठरवलंय. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, या महिन्यातच अर्ज करा. आईचा मी आल्यावर बघते.

तुमची लाडकी,
मनू