पाडव्याआधी प्रत्येक हौदाला बॉलकॉक: मदतीचे आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि मोजकेच तास टिकते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह सोडला की गल्लीतले सगळे नळ एकदम सुरू होतात. व्हॉल्व्हजवळच्या घरांचे हौद आधी भरतात. तिथे बॉलकॉक (हौद भरला की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ) नसेल, नळाला तोटी नसेल, तर भरलेला हौद वाहत राहतो आणि टेलच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या, घरांत नळ धारही धरत नाही. अर्ध्या इंची उघडा नळ मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी सोडतो. अर्ध्या तासात 300 ते 450 लिटर गटारात जाते. शहरासाठी माणशी 135 लिटरचे माप धरले, तर दोन-तीन माणसांचे दिवसभराचे पाणी गेले.

हे पाणी उजनीतून शंभरावर किलोमीटर पंपाने ढकलत आणलेले असते, नाहीतर भीमेच्या पात्रातून टाकळीच्या पंपघरापर्यंत वाहत, वाटेत आटत आणि जिरत आलेले असते. उजनी 117 टीएमसीची, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी. 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात बरेच आत गेले होते. उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीने पाणी वाढले, तरी गल्लीच्या तोंडाचे नळ उघडे राहिले तर टेलच्या घराला त्याचा उपयोग नाही.

म्हणून आमच्या वसाहतीच्या पाणी समितीने गड्डा यात्रा उरकताच घरोघर बॉलकॉक बसवण्याचे काम हाती घ्यायचे ठरवले आहे. एका घराला लागते ते असे: अर्ध्या इंची पितळी बॉलकॉक, त्याच्याआधी एक बंद करायचा कॉक, एक तोटी, गाळाची जाळी आणि टेफ्लॉन टेप. सामानाचा खर्च घरटी साधारण सहाशे रुपये धरला आहे. विडी कामगार आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हा समितीचा निर्णय आहे.

बॉलकॉक बसवला म्हणजे काम झाले, असे नाही. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गाळ येतो. त्यातला खडा वॉशरखाली अडकला की बॉलकॉक पूर्ण बंदच होत नाही, म्हणून जाळी हवीच. पहिले गढूळ पाणी बादलीत धरून संडासाला वापरावे. स्वस्त प्लास्टिकचा गोळा चिरला की त्यात पाणी शिरते, तो बुडतो आणि नळ उघडाच राहतो. अरुंद हौदात दांडी भिंतीला घासते, तिथे आखूड दांडीचा बॉलकॉक घ्यावा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली चार बोटांवर थांबेल अशी दांडी लावावी. आधीचा कॉक विसरू नये. तो नसेल तर वॉशर बदलायला पाणी जाण्याची वाट बघत बसावे लागते.

आणखी एक विनंती मनापासून. नळाला थेट मोटर लावू नका. मोटर ओढते तेव्हा पाइपात पोकळी होते आणि गटारीतून गेलेल्या गंजक्या जोडातून घाण आत खेचली जाते. ती शेजाऱ्याच्या घागरीत उतरते. तसेच नवे पाणी आले म्हणून जुने ओतून देऊ नका. ते धुण्याभांड्याला, झाडांना वापरा. भांडी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंगीचे डास होतात.

मदत तीन प्रकारची हवी आहे. पैसे द्यायचे असतील तर एका घराचा किंवा एका गल्लीचा खर्च उचला. हार्डवेअरवाल्यांनी वस्तू दिल्या तरी चालतील, पण बॉलकॉक पितळीच द्या. आणि सगळ्यात जास्त निकड आहे ती प्लंबरची. फेरुलपासूनची (मुख्य पाइपाला घरचा नळ जोडतात त्या जोडापासूनची) गळती काढणे शिकाऊ हातांचे काम नाही. महिन्यातले दोन रविवार दिलेत तरी एक गल्ली पुरी होईल. पाना आणि पाइप कापायची करवत स्वतःची आणावी, बाकीचे सामान समिती देईल.

रोख रक्कम समितीच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. कोणत्या गल्लीत किती बॉलकॉक बसले आणि किती पैसे लागले, याचा हिशेब दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लागेल. टेलच्या घरांनी आपली नावे आधी नोंदवावीत. त्यांच्या गल्लीपासून सुरुवात होईल, पण त्या गल्लीत बॉलकॉक आधी बसतील ते व्हॉल्व्हजवळच्या घरांत.