करंजा ते नेरूळ : रस्त्याची डावी बाजू कोणाची?

संपादक महोदय,

सिंधुदुर्गातल्या रेडीहून किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवत नुकताच नेरूळला घरी पोहोचलो. सोसायटीतल्यांनी हार घातला, पेढे वाटले आणि जो तो एकच विचारू लागला, ‘काका, या वयात कोकणातले चढ जमले कसे?’ चढ जमतात. जिथे जमत नाहीत तिथे उतरून सायकल ढकलायची, त्यात लाज कसली? शिवाय जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटी आहेत, तेवढाच पायांना आराम. दाभोळच्या धक्क्यावरून वर येताना मात्र जीव निघाला. पण खरी भीती वाटली ती रेवसची लाँच पकडून करंजाला उतरल्यावर, घर जेमतेम तीस किलोमीटरवर राहिलं तेव्हा.

सौ.ने सगळ्या प्रवासात एकदाही काळजीचा फोन केला नव्हता. करंजाला मात्र आला. ‘अहो, आता पुरे. मुलगा टेम्पो घेऊन येतोय, सायकल त्यात टाका.’ तिला हा रस्ता माहीत आहे, कारण मी तिच्या डोळ्यांदेखत नोकरीची सगळी वर्षं त्यावर काढली. जेएनपीटी, म्हणजे उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर, १९८९ साली सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी मी चाळीस फुटी कंटेनर ओढायला लागलो तो थेट निवृत्तीपर्यंत. टेम्पोला मी नको म्हटलं. जो रस्ता केबिनमधून इतकी वर्षं पाहिला, तो एकदा सायकलवरून पाहायचा होता.

आणि पाहिला. उरण सोडून जासईकडे निघालो तेव्हा दिवस कलला होता. डाव्या कडेला ट्रेलरची रांग, काहींचे मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने माखलेल्या. सायकलवाल्याने कडेने जायचं असतं, पण कडच शिल्लक नाही. प्रत्येक उभ्या ट्रेलरला वळसा घालायला मधल्या लेनमध्ये शिरायचं आणि मागून येणाऱ्याने आपल्याला पाहिलंय अशी आशा करायची. मला तर ठाऊक आहे की पुष्कळदा तो पाहत नाही. चालक उजवीकडे उंचावर बसलेला असतो. त्याच्या डाव्या पुढच्या चाकाशी असलेला सायकलस्वार त्याला ना काचेतून दिसतो, ना आरशात. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचं तर तो आधी उजवीकडे तोंड काढतो. डावीकडे जागा झाली असं वाटून सायकलवाला आत घुसतो. मागची चाकं मात्र पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. शाळेतल्या मुलांना हे एवढं तरी शिकवायला हवं.

अख्ख्या किनाऱ्यावर पंक्चर झालं नाही, ते जासईच्या अलीकडे झालं. फुटलेल्या रेडियल टायरमधली केसासारखी तार आत शिरली होती. कडेला असल्या तारा, नटबोल्ट, खडी यांचा थरच आहे, झाडतो कोण? शेजारच्या टायरवाल्याकडे ट्रेलरचं चाक खोलायची सगळी हत्यारं होती, पण माझ्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला बसेल असं तोंड त्याच्या हवेच्या नळीला नव्हतं. पाठीवरचा पंप मारमारून निघालो.

आता कोणी म्हणेल, ट्रेलरवाल्यांना दंड करा. धोकादायक जागी वाहन सोडू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतंच. पण बंदरात शिरायचा नंबर लागेपर्यंत तो बिचारा ट्रेलर उभा कुठे करणार? हौसेने कोणी रस्त्यावर रात्र काढत नाही. बंदराच्या अलीकडे रस्ता सोडून पुरेशी जागा द्या, तिथे पाणी, संडास आणि अंगावर चार तांबे घ्यायची सोय करा, नंबर आला की मोबाइलवर कळवा. मग दंड करा, माझी ना नाही. कड मोकळी झाली की ती आठवड्यातून एकदा झाडली तरी आमचं भागेल. रंगवलेला, पेव्हर ब्लॉकचा, मध्येच विजेच्या खांबाशी संपणारा सायकल ट्रॅक आम्हाला नको.

‘तिथून सायकलवर जातं कोण?’ हाही प्रश्न येईल. भल्या पहाटे जाऊन बघा. हँडलला डबा लटकवून कंटेनर यार्डांत ड्युटीला निघालेले सुरक्षारक्षक आणि मजूर दिसतील. संध्याकाळी ते त्याच अंधारातून परततात. त्यांच्यासाठी कोणी टेम्पो पाठवत नाही.

रस्त्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या साहेबांपैकी कोणी दिवेलागणीनंतर उरण ते गव्हाण फाटा सायकलने यायला तयार असेल, तर मी बरोबर येईन. पंप आणि तार उपसायचा चिमटा माझ्याकडे आहे.

– एक निवृत्त ट्रेलरचालक, नेरूळ, नवी मुंबई