व्यापारी म्हणायला संकोच कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी संगीतावरचा लेख आवडला. मात्र त्यात ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’ या गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक अहमेत एर्तेगुन यांना ‘पैशाकडे न पाहणारा जॅझवेडा’ म्हटले आहे. जॅझवेडा हे शंभर टक्के खरे. पण पैशाकडे न पाहणारा? अहो, हा माणूस पक्का धंदेवाईक होता. तसे म्हटल्याने त्याचा मान कमी होतो असे आपल्याकडे का वाटते, कोण जाणे. दर्दी म्हटला की तो कफल्लकच असला पाहिजे!

जन्म इस्तंबूलचा, १९२३चा. वडील मुनीर एर्तेगुन तुर्कस्तानचे राजदूत. लंडनला असताना थोरला भाऊ नेसुही या लहानग्याला ड्यूक एलिंग्टनचा जॅझ वाद्यवृंद ऐकायला घेऊन गेला आणि पोरगा कायमचा बिघडला. पुढे वडिलांची नेमणूक वॉशिंग्टनला झाली. तेव्हा त्या शहरात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणेही अवघड. हे दोघे भाऊ मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जुन्या तबकड्या धुंडाळत फिरायचे आणि रविवारी वादकांना थेट दूतावासात जेवायला बोलवायचे. जेवण झाले की मैफल. दक्षिणेकडच्या एका सिनेटरने राजदूतांना पत्र लिहून तक्रार केली, की काळी माणसे आपल्या घरी पुढच्या दाराने येताना दिसतात. आमच्याकडे मित्र पुढच्या दारानेच येतात, आपण आलात तर मागच्या दाराची सोय करू, असे उत्तर गेल्याचा किस्सा सांगतात.

१९४४मध्ये वडील वारले. आई-बहीण तुर्कस्तानला परतल्या, अहमेत अमेरिकेतच राहिला. १९४७मध्ये घरच्या दंतवैद्याकडून १० हजार डॉलर उसने घेऊन त्याने हर्ब अब्रॅमसनबरोबर अटलांटिक कंपनी काढली. न्यूयॉर्कच्या ५६व्या रस्त्यावरची त्यांची जागा मला फार आवडते. दिवसा ते ऑफिस. संध्याकाळ झाली की टेबले एकावर एक रचून भिंतीकडे ढकलायची, मधल्या मोकळ्या जागेत माइक मांडायचे आणि टॉम डाउडने ध्वनिमुद्रण करायचे. गायक रे चार्ल्सची तिथली सुरुवातीची गाणी अशीच झाली. त्याचा करार अहमेतने १९५२मध्ये दुसऱ्या कंपनीकडून अडीच हजार डॉलरला विकत घेतला होता. हे पारखी कानाचे काम, तसेच सौदा साधणाऱ्याचेही.

आता मुद्द्याचे. कंपनीचा गल्ला भरला तो जॅझने नव्हे. तो भरला गायिका रूथ ब्राऊनच्या आणि तसल्याच ठेक्याच्या, कृष्णवर्णीय वस्त्यांत लोक नाचत त्या गाण्यांनी. पुढे लेड झेपेलिनसारख्या रॉक मंडळींनी. आपल्याकडे थोरला दुकान सांभाळतो म्हणून धाकट्याला गाणे शिकता येते. इथे उलटे, धाकटा खपाऊ माल काढत होता आणि थोरला नेसुही १९५५पासून जॅझचा विभाग पाहत होता. जॉन कोल्ट्रेन, चार्ल्स मिंगस, ऑर्नेट कोलमन यांच्या तबकड्या तिथूनच निघाल्या. कोलमनचे वादन तेव्हा कित्येक जाणकारांनाही पचले नव्हते. असा माल बाजारात टिकवून धरायला मागे भरलेला गल्ला लागतो, नुसते प्रेम पुरत नाही.

याच गल्ल्याची दुसरी बाजूही लिहायला हवी होती. ज्या रूथ ब्राऊनच्या जिवावर कंपनी उभी राहिली, तिला पुढे पोटासाठी घरकामे करावी लागली. रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराच्या नावे टाकायचा आणि तो फिटेपर्यंत रॉयल्टी द्यायची नाही, ही त्या काळच्या कंपन्यांची सर्रास रीत. अटलांटिकही त्याला अपवाद नव्हती. रूथ ब्राऊन वर्षानुवर्षे भांडली. अखेर १९८८मध्ये कंपनीने तिच्यासह जुन्या कलाकारांची ‘थकबाकी’ माफ केली आणि मागची रॉयल्टी दिली. एर्तेगुन यांनी भरपाई केली हे खरे. पण ती मागितल्यावर, आणि फार उशिरा. १९६७मध्येच कंपनी १ कोटी ७५ लाख डॉलरना विकली गेली होती, हेही ध्यानात ठेवावे.

माणूस मात्र अखेरपर्यंत उत्साही. ऑक्टोबर २००६मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, न्यूयॉर्कला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कार्यक्रमात रंगमंचामागे तो पडला. डोक्याला मार लागला आणि १४ डिसेंबरला तो गेला. रूथ ब्राऊन त्याच्या आधी महिनाभरच गेली होती.

जाता जाता एक विनंती. आपल्याकडेही जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हॉटेलांतून हिंदी सिनेमात आले. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला चिक चॉकलेटचा ट्रम्पेट कोण विसरेल? सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी तर गाण्यांची वाद्यरचना बांधली. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, पण त्या जुन्या वाद्यरचनाकारांचे आणि वादकांचे काय? त्यांची मुले-नातवंडे मुंबईत आणि गोव्यात आहेत. त्यांना गाठून या मंडळींना तेव्हा काय मिळाले, कोणत्या कागदावर सही घेतली जायची, हे आपल्या पुरवणीने एकदा छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, माहीम